झंपर घातलेली लँडरोव्हर कोणाला

मी, चंद्रमान योन्जन, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गाडी चालवणे आणि त्याहून जास्त वेळ ती दुरुस्त करणे, राहणार मानेभंज्यांग बाजार, जिल्हा दार्जिलिंग, आपल्या राजीखुशीने लिहून ठेवतो की माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था खाली सांगितल्याप्रमाणे व्हावी. माझ्यावर कोणाचा दाब नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सुखिया गावच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. दाखल्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी मंगळवार म्हणालो. तो बुधवार होता. पण त्यांनीच मंगळवारी येते म्हणून सांगितले होते आणि आल्या बुधवारी, त्यामुळे तो मुद्दा त्यांनी ताणला नाही.

१. राहते घर, त्यामागचा बटाट्याचा वाफा आणि बँकेतील शिल्लक माझा मुलगा बिकेन याला मिळावी. बिकेन सिलिगुडीला मोबाइलच्या टॉवरवर काम करतो, महिन्यातून दोनदा घरी येतो आणि आला की छपराची गळती काढून जातो. मुलगा म्हणून त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार फक्त गाडीपुरती आहे, आणि हे मृत्युपत्र मुख्यतः त्याचसाठी लिहावे लागत आहे.

२. माझ्या नावावर एक जुनी लँडरोव्हर आहे. चहाच्या मळ्याने टाकून दिलेली ही गाडी मी घेतली तेव्हा तिला इंजिन नव्हते, आणि मागच्या बाजूला कोंबड्या अंडी घालत होत्या. दोन बैलांनी ती वर ओढून आणली. माझी बायको सुकमाया दारात उभी होती. ती म्हणाली, "गाडी आणलीत की खुराडं?" मी म्हणालो, "आज खुराडं आहे, उद्याचं बघ." उद्या यायला दोन हिवाळे गेले. एका मोडलेल्या डिझेल जीपचे इंजिन तिच्यात बसवले, तेव्हा ती पहिल्यांदा सांदकफू डोंगराच्या दगडी वाटेवर चढली.

ही वाट ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको की कारखान्यातून आली तशी गाडी इथे फार दिवस टिकत नाही. त्यातच दुकानातून नवे सामान आणण्याची ऐपत नाही. म्हणून जे हाताशी आले ते तिला लावत गेलो. ट्रकच्या स्प्रिंगचे मोडके पाटे कापून कमानीखाली घातले. गुरे बांधायच्या साखळ्या सुखियाच्या बाजारातून आणल्या आणि त्या जोडून बर्फासाठी चाकांना घालायचे जाळे केले. जळक्या सिनेमाघरातल्या खुर्च्या मागे बसवल्या. त्यातली एक अजून आपोआप मिटते, नव्या पाहुण्याला तीच द्यायची. सुकमायाचे पाय गार पडत, म्हणून इंजिनाच्या गरम पाण्याची एक तांब्याची नळी डाव्या आसनाखालून फिरवून आणली. ती गेल्यावर लोक म्हणाले, आता नळी काढून टाक, पाणी वाया जाते. मी काढली नाही. डाव्या आसनावर कोणी ना कोणी बसतेच, आणि पाय सगळ्यांचे गार पडतात.

पुढच्या बाजूला मळ्यातल्या बंद पडलेल्या दोरवाटेचा, म्हणजे रोपवेचा, ड्रम आहे. त्यावर तारेचा दोर गुंडाळला आहे आणि हाताने फिरवायचा दांडा आहे. एक खिटी अशी बसवली आहे की ड्रम एका बाजूला फिरतो, उलटा सुटत नाही. माझा शेजारी हर्क घिसिंग मला दाजू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतो; त्याने पहिल्या दिवशीच या ड्रमला नाव ठेवले. "दाजू, जातं लावलंत? दळण कधी आणू?" हर्क हा असा मनुष्य आहे की मी काही केले की आधी हसतो, मग महिनाभराने त्याच्या गाडीवर तेच दिसते, आणि विचारले तर म्हणतो, मला स्वप्नात सुचले.

३. गेल्या पावसाळ्यानंतर कोलकात्याहून समद्दारबाबू म्हणून एक गृहस्थ आले. जुन्या गाड्या जमवतात. पांढऱ्या सदऱ्यानिशी गाडीखाली शिरले आणि काळे होऊन बाहेर आले तरी हसतच होते. असा माणूस मला आवडतो. त्यांनी भाव सांगितला आणि बिकेनचे डोळे मोठे झाले. मग समद्दारबाबूंनी एक चित्र काढून दाखवले. "योन्जनदा, ही अशी होती. मी तिला परत अशीच करीन. हे सगळं काढून टाकू."

"सगळं म्हणजे?"

"हे पाटे, ही नळी, हा... काय म्हणता याला?"

"जातं," हर्क मागून म्हणाला.

मी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणालो. बिकेन तीन जेवणे माझ्याशी बोलला नाही.

तरी समद्दारबाबूंचे मन मोडावे असे मला वाटत नाही. म्हणून असे ठरवतो की गाडीतून मी वेळोवेळी काढलेले मूळचे सामान, म्हणजे पुढचा बंपर, दोन दिवे, वेगाचा काटा, गंजलेली नावाची पट्टी आणि माळ्यावरच्या पोत्यातले बाकी सगळे, त्यांना विनामूल्य द्यावे. त्यांना मूळची गाडी हवी होती. ती बहुतेक सगळी त्या पोत्यात आहे.

४. आता गाडी.

माझी सून युनिका ही सिलिगुडीची. तिच्या वडिलांचा पावाचा कारखाना आहे आणि लग्नाआधी ती पावाची गाडी सपाट रस्त्यावर चालवत असे. लग्न होऊन आली आणि पहिल्यांदा गाडीतून वर निघाली तेव्हा चित्रे गावापर्यंत पोचायच्या आत तिला दोनदा उलटी झाली. सुनेला आमच्याकडे बुहारी म्हणतात; हर्क म्हणाला, "ही बुहारी काही इथे टिकत नाही." ती टिकली. शिवणाचे यंत्र घेऊन बसली आणि वरच्या लॉजवाल्यांच्या रजयांना खोळी शिवू लागली.

थंडीत इंजिन गरम राहावे म्हणून मी रेडिएटरच्या जाळीपुढे पुठ्ठा लावत असे. चढावर इंजिन तापले की थांबायचे, उतरायचे, पुठ्ठा काढायचा. उतारावर पुन्हा लावायचा. एका सकाळी बघतो तर पुठ्ठा नाही. त्याजागी कोणा गिर्यारोहकाच्या टाकलेल्या तंबूचे कापड, आत अस्तर, कडेला नीट शिवण, आणि वरून एक नाडी काचेखालून थेट चालकाच्या हाताशी आलेली. नाडी ओढली की कापड वर गुंडाळते, सोडली की खाली येते.

मी युनिकाला म्हणालो, "माझ्या गाडीला हात लावायला तुला कोणी सांगितलं?"

ती म्हणाली, "बा, बर्फात उतरून पुठ्ठा काढता आणि रात्रभर खोकता. तो खोकला भिंतीपलीकडे मला ऐकू येतो."

गाडीतळावर हसून हसून लोक वाकले. हर्क म्हणाला, "दाजू, गाडीला झंपर शिवलात, आता परकर कधी?" पुढच्या हिवाळ्यात त्याच्या गाडीलाही झंपर होता. त्याला तर चेनही होती.

आता गेल्या फाल्गुनातली गोष्ट लिहितो, म्हणजे गाडी कोणाला का दिली हे पुढे कोणी विचारू नये.

मी आणि युनिका सांदकफूला खोळी पोचवून परत उतरत होतो. कालीपोखरीला बर्फ लागले. साखळ्या चढवायला खाली उतरलो, पाय घसरला आणि मनगट अंगाखाली येऊन मोडले. आवाज मलाच ऐकू आला. युनिकाने तिची ओढणी फाडून हात गळ्यात बांधला, साखळ्या स्वतः चढवल्या आणि चालकाच्या जागी बसली.

मी म्हणालो, "ब्रेकला पाय लावू नकोस. छोट्या दांड्याने खालचा गिअर टाक."

"टाकला."

"डावीकडे दरी आहे, म्हणून उजवीकडे—"

"बा, हात दुखतोय ना? मग तुम्ही हात सांभाळा. रस्ता मी सांभाळते."

मी डाव्या आसनावर होतो. त्या आसनावर आयुष्यात पहिल्यांदाच बसलो होतो. पाय खरेच गरम राहतात.

गैरीबासच्या वरच्या वळणावर चार पाहुणे रस्त्यात उभे राहून हात हलवत होते. त्यांच्यापुढे हर्कची गाडी. तिचे पुढचे एक चाक रस्त्यावर होते, दुसरे हवेत. हर्क आत बसलेला, दोन्ही पाय ब्रेकवर. त्याने मान वळवली नाही. नुसता म्हणाला, "दाजू, दार उघडू नका. माझा पाय थरथरतोय. सुटला तर मी गेलो."

हर्क दबक्या आवाजात बोलताना मी कधी ऐकला नव्हता.

त्या ड्रमने तोवर लाकडे ओढली होती, आणि एकदा खड्ड्यातली म्हैस. माणसासकट गाडी कधी नाही. खिटी तुटली तर दोर सुटेल, आणि ओढ सुटल्याच्या धक्क्यानेच हर्क खाली जाईल, हे मला दिसत होते. मी युनिकाला तसे सांगितले. ती म्हणाली, "दुसरं काही आहे आपल्याकडे?" नव्हते.

तिने आमच्या चाकांपुढे लाकडी गुटके ठोकले, दोराचा आकडा घेतला आणि बर्फात पोटावर सरकत हर्कच्या गाडीमागे गेली. तिथून ओरडली, "बंपरला अडकवू?"

"नको! तो मीच त्याला पत्र्याचा करून दिलाय, हातात येईल. खाली चासीला अडकव!"

दोन पाहुणे दांड्याला लागले. त्यातला एक जाड भिंगांचा मास्तर होता, तो प्रत्येक फेऱ्याला देवाचे नाव घेत होता. खिटी खट् करून पडायची आणि गाडी बोटभर मागे यायची. मध्येच दोर कडाडला. सगळे थांबले. युनिका वाकून खिटीजवळ कान नेऊन उभी राहिली, मग म्हणाली, "खिटी धरतेय. फिरवा." त्यांनी फिरवले. हवेतले चाक दगडाला टेकले, दगडावर चढले आणि गाडी रस्त्यावर आली.

हर्क उतरला. तो बर्फातच बसला. युनिकाकडे बघून म्हणाला, "बुहारी, सासऱ्याचं जातं चालतं की गं!" आणि मग उठून आमच्या गाडीच्या बॉनेटवर डोके टेकून रडला. हे मी लिहिणार नव्हतो. पण काल त्याला मसुदा वाचून दाखवला तेव्हा तोच म्हणाला, "लिहा दाजू. नाहीतर लोकांना वाटेल मी नुसता हसतोच."

म्हणून ती लँडरोव्हर, तिच्यावरच्या सर्व जोडकामांसह, तसेच गाडीखाली शिरून काम करायचा खड्डा, हत्यारे, ऐरण आणि भाता, हे सर्व माझी सून सौ. युनिका योन्जन हिला एकटीला मिळावे. बिकेनचा त्यावर हक्क राहणार नाही. हे मी बिकेनला समोर बसवून सांगितले. तो टोपी फिरवत बायकोला म्हणाला, "मला चालवायला देशील का?" ती म्हणाली, "आधी साखळ्या चढवायला शीक."

५. दोरवाटेचा दुसरा ड्रम गोठ्यात पडून आहे. तो हर्क घिसिंग याला द्यावा. अट एकच: गाडीतळावर चारचौघांत त्याने सांगावे की हे स्वप्नात सुचलेले नाही. या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायची त्याची फार इच्छा होती. परंतु वकिलांनी सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. हर्कने क्षणभरही विचार न करता सांगितले, "मग सही राहू दे, जातं द्या."

६. माझे क्रियाकर्म आमच्या गुंबाच्या, म्हणजे मठाच्या, लामांनी करावे. लोकांना तोंगबा, आमची नाचणीची गरम दारू, पोटभर पाजावा. ज्याला त्या दिवशी गाडी चालवायची आहे त्याला पाजू नये.

७. युनिकाने गाडीत पुढील बदल कधीही करू नयेत: तांब्याची नळी काढू नये, सिनेमाच्या खुर्च्या बदलू नयेत, पाटे, दिव्यांची जागा, रंग, भोंगा आणि ड्रम यांना माझ्या पश्चात कोणीही हात लावू नये.

हे सातवे कलम वाचून दाखवले तेव्हा युनिका भांडी घासत होती. भांडी घासून झाल्यावर हात पुसत येऊन बसली. म्हणाली, "बा, रागावू नका. पण मग गाडी माझी झाली की मी तिची राखणदार?"

मी रागावलो. बाहेर जाऊन गाडीत बसलो. एकेका वस्तूवरून हात फिरवला. हिच्यात एकही वस्तू अशी नाही की जिच्याजागी आधी दुसरी नव्हती, आणि ती काढताना मी कोणालाही विचारले नव्हते.

सबब सातवे कलम मी माझ्या हाताने रद्द करीत आहे. गाडी युनिकाची आहे. तिने ती हवी तशी तोडावी, जोडावी, शिवावी. मी जिवंत असेपर्यंत मात्र बाजूला उभे राहून चुका काढण्याचा हक्क राखून ठेवतो.

हे लिहिले ते वाचून, समजून, खाली सही करीत आहे.

(सही) चंद्रमान योन्जन

आमच्यासमोर सही केली, शुद्धीवर होते, आणि सही करताना मोडक्या मनगटाबद्दल कुरकुरत होते:

१. (सही) दिलमाया गुरुंग, किराणा दुकानदार, मानेभंज्यांग बाजार
२. (सही) पेम्बा लामा, शिक्षक, गैरीबास

ठिकाण: मानेभंज्यांग
तारीख: १४ नोव्हेंबर २०१८, बुधवार