यादीतून सुटलेलं घर

५ जानेवारी, सोमवार

दादाभाऊंनी शेवटी घातलंच माझ्या गळ्यात! सप्ताह कमिटीचे अध्यक्ष ते, त्यांना नाही म्हणायची सोय नाही. "बाई, पोरान्ला जरा देवाधर्माचं सांगा. नुसतं मोबाइल मोबाइल चाललंय." म्हटलं, रिटायर होऊन चार वर्षं झाली, आता तरी सोडा. हसले आणि निघून गेले.

तर आज पहिला वर्ग. मारुतीच्या देवळात, पाच ते सहा. सहाला म्हणजे सहाला सुट्टी, आणि सगळ्यांनी घोळक्यानं घरी. गेल्या आठवड्यात बिबट्यानं उसाच्या कडेचं कुत्रं उचललं, एकट्यानं कोणी हलायचं नाही.

चौदा पोरं. विचारलं, देवाचं प्रेम कसं असतं? सहावीतली स्नेहल म्हणाली, आईसारखं. हे सगळेच म्हणतात. चौथीतला स्वराज म्हणाला, "डीपीसारखं! एकाच डीपीवरनं सगळ्या वस्तीला लाईट." आणि वर, "आकडा टाकनाऱ्याला पन!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. चौतीस वर्षं शिकवलं, असं उत्तर कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

७ जानेवारी

काल्याला, म्हणजे सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, आमच्याकडे आमटी-भाकरी असते. दरसाल बाया घरून पाच-पाच भाकरी पाटीत घालून आणतात आणि मारुतीपुढे एकाच ढिगात ओततात. पंगतीत कोणाच्या पानावर कोणाच्या घरची भाकरी येईल, सांगता येत नाही. यंदा पोरांनी घरोघर जाऊन त्या गोळा करायच्या — आयडिया माझी! पोरांना म्हटलं, देवाची माया पण अशीच घ्यायची असते. सगळ्यांनी मिळून, हे आपलं ते परकं न करता. एकही घर सुटता कामा नये.

रात्रीचं जेवण उरकून यादी केली. सुवाच्य अक्षरात. एक्केचाळीस घरं. स्वतःवर खूश आहे.

८ जानेवारी

स्नेहलनं यादी वाचली. बोट लावून, दोनदा. मग म्हणाली, "बाई, एक घर ऱ्हायलं. मंगलकाकूंचं."

मी खेकसले, "यादी मी केलीय ना? मग तू गप बस!" साडेपाचलाच वर्ग सोडला. पोर रडवेली झाली होती.

विसरले म्हणावं, तर मंगल माझी सख्खी धाकटी जाऊ. आमच्यात एक भिंत आहे फक्त. तिच्या परातीतलं थापणं इकडे ऐकू येतं. मुद्दाम सोडलं म्हणावं, तर तसं ठरवलंही नव्हतं. हातानं आपसूक गाळलं. अकरा वर्षांची सवय!

मामंजींच्या तेराव्याला, सगळी भावकी बसलेली असताना ती बोलली होती — "अक्कांना शाळेतली पोरं दिसली, घरातला म्हातारा न्हाई दिसला." त्यानंतर मी तिच्याशी बोललेली नाही. ती पण नाही. मी देवळात ढिगापाशी असते म्हणून ती काल्याला येत नाही. हे आणि मंगलचा नवरा गोरख, भाऊ-भाऊ मात्र बोलतात, बांधावर तंबाखू मळतात. आमच्या ह्यांना काही लाजच नाही.

९ जानेवारी

पाय दुखतात असं कळवलं. वर्गाला गेले नाही. पाय ठणठणीत आहेत.

१० जानेवारी

पोरंच घरी आली, सहा जणं. स्नेहलनं आणलेले पेरू दारात ठेवले. "पाय कसाय, बाई?" शरमेनं मेल्यासारखं झालं. स्वराज मात्र माझा पाय निरखून बघत होता. मग विचारतो, "बाई, डीपीवरनं मंगलकाकूंकडं लाईट जाती ना?"

हे शेंगा सोलत बसले होते. इतके हसले की ठसका लागला!

रागानं यादी काढली आणि खाली बेचाळिसावं नाव लिहिलं. स्नेहल-स्वराजला म्हटलं, जा, सांगून या, तुमच्याकडे पण भाकरीला येणार आहोत. पाच मिनिटांत परत. "काकू म्हनल्या, यादी करनारीनं यावं."

बघा! म्हणजे आता मीच जायचं. मी थोरली!

१२ जानेवारी

सप्ताह बसला. देवळात टाळ वाजताहेत आणि माझं डोकं भिंतीपलीकडे. हे म्हणाले, "गोरखला सांगू का, तिची समजूत काढायला?" म्हटलं, तुम्ही मध्ये पडू नका.

आज लिहूनच टाकते. मंगल खोटं बोलली असती तर मी कधीच विसरले असते. मामंजी शेवटचे आठ दिवस अंथरुणावर होते आणि मी जुन्नरला ट्रेनिंगला होते. सगळ्यांना सांगितलं, रजा मिळाली नाही. मी रजा मागितलीच नव्हती. वाटलं, मंगल आहे घरी, ती बघेल. तिनं बघितलं. शेवटचं पाणी तिनंच पाजलं.

ह्यांनाही हे माहीत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळ्या वस्तीला तिळगूळ दिला. पलीकडे नाही. पोरांनी बघितलं.

१६ जानेवारी

स्नेहलनं सरळ विचारलं. पोर भित्री, पण आज भ्यायली नाही. "बाई, तुमीच म्हनल्या एक घर सुटता कामा नये. मग आमी परवा काय करायचं? त्या घरापुढनं तसंच जायचं का?"

चौदा तोंडं माझ्याकडे बघत होती. आता मी काय सांगणार त्यांना? देव सगळ्यांचा, फक्त माझ्या शेजारणीचा नाही?

उद्या जाते म्हणाले. तोंडातून निघून गेलं. आता इलाज नाही.

१७ जानेवारी

गेले.

दुपारची वेळ. मंगल अंगणात टोमॅटोचे क्रेट भरत होती, संध्याकाळी नारायणगावला गाडी जायची. मान वर केली नाही.

म्हटलं, "यादी मी केली. तुझं घर मीच गाळलं."

"ठावं हाय."

चौतीस वर्षं वर्गापुढे उभी राहून बोलले आणि दोन वाक्यं जुळेनात. शेवटी म्हणाले, "मंगल, तू बोललीस ते खरं होतं. मी रजा मागितलीच नव्हती."

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "खरं व्हतं म्हनून चारचौघांत बोलायचं नव्हतं मी. लई जागरनं झाली व्हती, अक्का. मामंजी सारखं इचारायचे तुमाला. मी आपली सांगायची, शाळा सुटली की येत्यात."

तिथेच क्रेटवर बसले आणि पोरीसारखी रडले. ती पण रडली, पदर तोंडात धरून. मग डोळे पुसून म्हणाली, "दमानं बसा. टोमॅटो हायेत त्यात. च्या टाकते."

चहा नुसता पाक होता. मला शुगर आहे हे तिला कोण सांगणार? सगळा प्याले.

१८ जानेवारी, रविवार

काला झाला. पोरांनी तीन टोळ्या करून बेचाळीस घरं केली! मंगलची पाटी स्वराजनं कोणाला हात लावू दिली नाही. ढिगात ओतताना असा काही तोरा, की आमदारच नारळ फोडतोय.

मंगल आली. पंगतीत माझ्या शेजारी बसली. समोरून पोरं आमच्याकडे टकामका बघत होती. स्नेहलला डोळे वटारले, तर ती हसली. मी खाली मान घालून आमटीत भाकरी कुस्करली आणि जेवले. तीन भाकरी! फार बरं वाटलं. इतकं बरं कधी वाटलं होतं, आठवत नाही.

१९ जानेवारी

सकाळी मंगलच्या पलीकडची साळुबाई ताकाला आली. म्हणाली, यंदा आपल्या घरच्या पाचच भाकरी गेल्या.

"मग दरसाल किती असायच्या?"

"धा. पाच माज्या, पाच मंगलच्या. माज्या पाटीत घालून द्यायची. म्हनायची, अक्कांना कळू देऊ नका, त्या जेवायच्या न्हाईत."

अकरा काले झाले. दरसाल मी त्याच ढिगातली भाकरी खाल्ली आहे.