मुतखडा आणि आदर्श पाठ

८ सप्टेंबर, सकाळी ६.१०
रोजनिशी सुरू. काल दोन बातम्या आल्या.

पहिली: सातारच्या विज्ञान शिक्षक शिबिरात २७ तारखेला आदर्श पाठ देण्यासाठी आख्ख्या तासगाव तालुक्यातून माझी निवड. विषय ‘उत्सर्जन : माणूस आणि वनस्पती’. सव्वीस वर्षं हा धडा शिकवतोय. निवड व्हायला इतका उशीर का लागला, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी: सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडात सात मिलिमीटरचा मुतखडा.

गोदावरीने फक्त दुसरी बातमी ऐकली. सांगलीला दुर्बिणीने खडा काढतात, तिथली २२ तारीख फोनवरून घेऊनही टाकली. मी शांतपणे म्हणालो, की त्याआधी खडा आपोआप पडेल. सव्वीस वर्षं फळ्यावर ज्याची आकृती काढली ते मूत्रपिंड माझं ऐकणार नाही तर कुणाचं? त्यावर ती म्हणाली, की घरातलं आणखी कोण ऐकतं तुमचं?

संकल्प: १) रोज चार लिटर पाणी. २) अळू, पालक, टोमॅटो बंद. डॉक्टरांनी बजावलंय. ३) लघवी गाळणीतून गाळायची, खडा पकडायचा. ४) तोच खडा सातारला नमुना म्हणून दाखवायचा. शैक्षणिक साधन स्वतःच्या शरीरात तयार करणारा मी जिल्ह्यातला पहिलाच शिक्षक असेन.

८ सप्टेंबर, दुपारी ४
दुसऱ्या तासापर्यंत दीड लिटर. तिसऱ्या तासाला नववी ब मधून चार वेळा बाहेर. चौथ्या वेळी मी खडू खाली ठेवायच्या आत मॉनिटरने दार उघडून धरलं. शिस्तीच्या दृष्टीने हे बरं नाही. उद्यापासून दोन लिटर.

९ सप्टेंबर
पाऊण लिटर. स्टाफरूमच्या बाथरूमची कडी मोडली आहे. अशा परिस्थितीत जास्त पिणं बेजबाबदारपणाचं होईल.

आंघोळ करताना मोठा विचार सुचला. झाडाला मूत्रपिंड नाही, मूत्राशय नाही, मधल्या सुट्टीची वाट बघणं नाही. नको असलेलं सगळं ते जुन्या पानात भरतं आणि पान टाकून देतं. काही सालीत कोंबतं, काही डिंक करून बाहेर सोडतं. आमच्या दारातल्या पेरूने याच आठवड्यात साल टाकली, कुणाला पत्ता लागला नाही. बांधावरचं झाड शंभर वर्षं उभं राहतं, एकदाही ‘जरा जाऊन येतो’ म्हणत नाही.

माणसाने झाडाकडून शिकायला हवं. हेच सातारच्या पाठाचं सूत्र. आणि माझ्या उपचाराचंही.

१० सप्टेंबर
पितृपंधरवडा चालू. आज गुंडाकडे म्हाळ. गुंडा माझा पहिलीपासूनचा सोबती, आता चार एकर द्राक्षबाग बाळगून आहे. पानात अळूची भाजी आणि अळूवडी. म्हाळाला अळू नसेल तर जेवण पुरं होत नाही.

पंगतीत सगळ्यांना शास्त्र समजावून सांगितलं. अळू आपला टाकाऊ माल सुयांसारख्या स्फटिकांच्या रूपाने पानात साठवून ठेवतं. कॅल्शियम ऑक्झलेट. म्हणून घसा खवखवतो, म्हणून आपण चिंच घालतो. आणि माझा मुतखडाही बहुधा त्याच कॅल्शियम ऑक्झलेटचा. झाडात आणि माणसात केवढं साम्य. लोक घास हातात धरून ऐकत होते.

गुंडाने विचारलं, की आरं गड्या अनंता, मग तू त्या झाडाची घाण खातोयस कशापायी? मी म्हणालो, पितरांचा मान असतो, पानातलं टाकता येत नाही.

वड्या सात.

१२ सप्टेंबर
म्हाळ. वड्या पाच. पाणी अर्धा लिटर, कारण पोटात जागा नव्हती.

१३ सप्टेंबर
म्हाळ, दोन घरी. वड्या मोजल्या नाहीत. मास्तर म्हणून गावात मान आहे, त्याची किंमत शरीराने द्यावी लागते.

१४ सप्टेंबर, दुपारी २.३०
बाष्पोत्सर्जन प्रयोग. झाड पानांवाटे पाणी उडवून देतं. माणसाला पानं नाहीत पण कातडी आहे, आणि घामातूनही टाकाऊ पदार्थ बाहेर जातातच. मग सगळं काम मूत्रपिंडावरच कशाला?

स्वेटर, मफलर, कानटोपी घालून भर उन्हात गुंडाच्या बागेला सहा फेऱ्या. निथळून निघालो. दिवसभरात लघवीला फक्त एकदाच. रंग कोऱ्या चहासारखा. याचा अर्थ टाकाऊ माल घट्ट होऊन निघतोय. उत्सर्जनाचा मार्ग बदलण्यात यश.

बागेत औषध मारणाऱ्या बायका काम थांबवून बघत होत्या. गुंडा म्हणाला, की आरं, आटवून आटवून त्या खड्याचा गूळ करतोयस व्हय? शेतकऱ्याला शास्त्र समजावणं अवघड असतं.

१६ सप्टेंबर
दहावीच्या तासाला उजव्या कुशीत अशी कळ आली, की बाकावर आडवा झालो. उरलेला धडा आडव्यानेच शिकवला. खडा निघायच्या तयारीला लागला असणार. एस.टी. सुटण्याआधी इंजिन असंच हादरतं.

गोदावरीला सांगितलं नाही. तिच्या हातात २२ तारीख आहे.

१७ सप्टेंबर
गोदावरी माहेरच्या म्हाळाला पलूसला गेली, मुक्काम एक दिवस. गुंडाने खळ्यावरचा दोन शेर हुलगा, म्हणजे कुळीथ, पाठवला. मुतखड्यावर हुलग्याचं पाणी म्हणजे लय जालीम, असा निरोप.

गोदावरीने फोनवर सांगितलं, की आधी ताटात घेऊन नीट निवडा, मग शिजत घाला. निवडायचं ते भाजीसाठी. हे औषध आहे, उकळून गाळायचंच आहे. कुकरमध्ये लावला, सहा शिट्ट्या. स्टीलच्या गाळणीतून पाणी गाळून दोन तांबे प्यायलो. कडू नाही. उद्या सकाळी लागेल म्हणून गाळणी चोथा झटकून तशीच बाथरूममध्ये नेऊन ठेवली. वेळेची बचत.

१८ सप्टेंबर, सकाळी ६.४०
खडा पडला.

गाळणीत लख्ख दिसला. काळा, चकचकीत, ज्वारीच्या दाण्याएवढा. एक कळसुद्धा आली नाही. सोनोग्राफीत सात मिलिमीटर होता, हा जेमतेम तीन भरतो. वाटेत झिजला असणार. नदीतले गोटे झिजतात तसा.

बाथरूममध्ये उभ्याउभ्या रडलो. आता लिहायला हरकत नाही: मला ऑपरेशनची भयंकर भीती वाटत होती. टेबलावर उघडं पडायचं, भूल घ्यायची, मग आपलं काय होईल ते दुसऱ्याच्या हातात. दहा दिवस धड झोपलो नव्हतो. कुणाला सांगितलं नाही, कारण मी विज्ञानाचा शिक्षक आहे.

खडा धुतला, होमिओपॅथीच्या बाटलीत ठेवला.

१८ सप्टेंबर, संध्याकाळी
गोदावरी आली. खडा पडला हे ऐकून तिचा चेहरा खुलला. मग कुठली गाळणी, असं विचारलं. मी दाखवली. तिने गाळणी कचऱ्यात टाकली, त्यावर माझा संध्याकाळचा चहा ओतला आणि बाजारातून दोन नव्या गाळण्या आणल्या. दोन्ही स्वतःच्या कपाटात ठेवल्या.

ती म्हणाली, की तरी एकदा सोनोग्राफी करून बघू या. मी बाटली पुढे धरली आणि म्हणालो, की पुरावा हातात असताना फोटो कशाला? सांगलीला फोन करून २२ तारीख रद्द केली. स्टाफरूममध्ये उद्या पेढे.

२२ सप्टेंबर
घट बसले. आज मी टेबलावर असतो. त्याऐवजी अंगणात बसून पाठाचं टाचण काढतोय. कुशीत थोडं दुखतं. खडा निघाल्यावर रिकामी झालेली जागा भरून येत असावी.

२६ सप्टेंबर
उद्या पहाटेच्या गाडीने सातारा. एस.टी. मध्येच थांबवणं शोभत नाही, त्यामुळे आज दुपारपासून पाणी बंद. बाटली शर्टाच्या खिशात. गोदावरी सोबत येते म्हणत होती. मी म्हणालो, की आदर्श पाठाला बायकोला नेलं तर लोक काय म्हणतील?

२८ सप्टेंबर, सातारा, दवाखाना
उजव्या हाताला सलाईन आहे, डाव्याने लिहितोय. थोडक्यात.

चाळीस शिक्षक विद्यार्थी होऊन बाकांवर बसले होते. पाठ उत्तम रंगला. फुप्फुसं, कातडी, मूत्रपिंड. मग झाडाची पानं, साल, डिंक, अळूचे स्फटिक. टाळ्या पडल्या. मग मी खिशातून बाटली काढली आणि म्हणालो, की हा माझा स्वतःचा, १८ तारखेचा. बाटली हातोहात फिरली. लोकांच्या नजरेत आदर होता.

बाटली पहिल्या बाकावर शिरवळच्या शिवांजली मॅडमपर्यंत आली. दुपारी त्यांचा लोहचुंबकाचा पाठ होता, सामान समोरच मांडलेलं. बाटली त्यांनी चुंबकाशेजारी ठेवली, आणि माझा मुतखडा उडी मारून काचेला चिकटला.

मी लगेच खुलासा केला, की रक्तात लोह असतं, मूत्रपिंड रक्त गाळतं, तेव्हा हे अपेक्षितच आहे. कुणीही वहीत लिहून घेतलं नाही.

शिवांजली मॅडमनी हळूच विचारलं, की आवं सर, तुमी हुलग्याचं पाणी पिताय का? मी हो म्हणालो. गाळणी तीच होती का? मी त्यालाही हो म्हणालो. मागच्या बाकावरचे एक वयस्कर गुरुजी दुःखाने म्हणाले, की हुलगा निवडून घ्यायचा असतोय, सर. रानातला काळा खडा त्यो. आमच्याकडं त्यात लोखंडाचा अंश असतोय.

उत्तर देण्यासाठी मी छाती भरून श्वास घेतला, आणि त्याच क्षणी खरा खडा हलला. उजवी कूस धरून मी फळ्याखाली बसलो, मग आडवा झालो, मग ओरडलो. कळ नेमकी कुठून कुठे जाते हे अभिनयातून दाखवतोय असं समजून चाळीसही शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वेळ वाजवल्या.

शिवांजली मॅडमनाच आधी कळलं. त्यांनी त्यांच्या गाडीतून इथे आणलं. खडा आता आठ मिलिमीटर, मूत्रवाहिनीत अडकलेला. डॉक्टरांनी विचारलं, की तीन आठवड्यांत वाढवलात कसा? मी म्हाळाचं सांगितलं, स्वेटरचं सांगितलं नाही.

गोदावरी संध्याकाळी पोचली. मला काही न विचारता कागदावर सही केली आणि टेबलापर्यंत माझा हात धरून चालली. म्हणाली, की घाबरलाय ते मला सात तारखेपासून माहीत आहे, म्हणून तर तारीख घेतली होती. मला फार बरं वाटलं. हे मी तिला म्हणालोही.

कमरेखाली भूल. पाऊण तास. काही कळलं नाही. एवढ्यासाठी मी तीन आठवडे काय काय केलं, याचा विचार सध्या करत नाही. खऱ्या खड्याचे तुकडे डॉक्टरांनी डबीत दिलेत. पिवळट, खरबरीत. बघायला काळाच चांगला होता.

५ ऑक्टोबर, तासगाव
पाणी रोज तीन लिटर. गोदावरी तांब्या घेऊन समोर उभी राहते.

शिबिराचा अहवाल आज व्हॉट्सअ‍ॅपवर आला. माझ्या आजारपणामुळे अर्धा राहिलेला पाठ दुसऱ्या दिवशी शिवांजली मॅडमनी माझ्या सोनोग्राफीच्या फोटोवरून पूर्ण केला म्हणे. माझ्याच परवानगीने. भुलीच्या अमलात मी कशाला हो म्हणालो ते आठवत नाही. तरी नाव कुठेतरी असणार म्हणून चष्मा लावला आणि गोदावरीलाही बोलावलं. तिने मोठ्याने वाचलं.

आदर्श पाठ : श्रीमती शिवांजली, शिरवळ.
वापरलेली शैक्षणिक साधने : १) तक्ता, २) सोनोग्राफीचा फोटो, ३) लोहचुंबक, ४) श्री. अनंत करमरकर, तासगाव.
शेरा : चौथे साधन पाठ चालू असताना बंद पडले.