बांगड्याचं गणित

२ नोव्हेंबर १९९१, मोहाली
मालवण सोडून आज चौथा दिवस. समुद्र इथून हजार किलोमीटर लांब आणि माझं काम काय, तर कुठल्या महिन्यात बांगडा कुठल्या पाण्यात असेल ते चंदीगडात बसून सांगायचं! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण संगणक इथे आहे. पाणी कुठे गार, कुठे कोमट, ते उपग्रह सांगतो. बांगडा कुठे लागला, ते मच्छीमार कळवतात; तिथे मी यादीत ठिपका भरतो. दोन्ही जुळवून यंत्र नकाशावर पुढच्या पंधरवड्याचे चौकोन रंगवतं.

खोली मिळाली ती चंदीगडला लागून, इथे मोहालीत, निवृत्त शिक्षक हरनेकसिंगांच्या घरी, वरच्या मजल्यावर. मास्टरजींनी बांगडा कधी पाहिलेला नाही. काटे किती, एवढंच विचारलं. बीजींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मक्याची रोटी आग्रहानं वाढली. इथे मी सुखात राहीन.

१९ नोव्हेंबर
दहापैकी सात चौकोनांत बांगडा मिळाला. आमचे साहेब, चारुदत्त कर्णिक, खूश. आज ते एका सूदजींना घेऊन आले. खातं कुठलं, ते सूदजी सांगत नाहीत. लपलेली माणसंही या गणितानं सापडतील का, असं त्यांनी फार अदबीनं विचारलं. पाण्याऐवजी कालवा, ऊस, रस्त्यापासूनचं अंतर. शहाणपणा मिरवायला मी हो म्हणालो. यंत्राला काय, बांगडा काय आणि माणूस काय.

४ डिसेंबर
सूदजींनी पिन्न्यांचा, म्हणजे इकडच्या लाडवांचा, डबा दिला. पहिल्याच चौकोनात चार अतिरेकी चकमकीत मेले म्हणे. ते चार ठिपके मी यादीत भरले. गणित आणखी पक्कं झालं.

२० डिसेंबर
आता प्रत्येक चौकोनात कोणी ना कोणी मिळतंच. बांगड्याचं असं कधी होत नाही. मच्छीमार रिकामं जाळंही कळवतात. सूदजींनी ते एकदाही कळवलेलं नाही. यांचं जाळं जिथे पडेल तिथे अतिरेकी, आणि तेच ठिपके मी पुन्हा यंत्राला चारतो. कालच्या पेपरात मेलेल्यांपैकी एक सत्तरीचा होता. कर्णिकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “तू चौकोन रंगव. माणसं बघायला दुसरे आहेत.”

मी रंगवले. नोकरी आहे.

६ जानेवारी १९९२
नवा चौकोन मास्टरजींच्या गावावर. काल सकाळीच ते तिकडे गेले, जमिनीच्या कामाला. गावात फोन नाही. बीजींना काय सांगू? मला कसं कळलं विचारलं तर—

संध्याकाळी
चौकोन नकाशावर एक घर पूर्वेला सरकवला. हातानं. तिकडेही गाव आहे. मला माहीत होतं.

९ जानेवारी
पेपरात आलं. पूर्वेचं गाव. तिघे. नावं नाहीत.
मास्टरजी वाचले. लाज वाटत नाही— वाटते. बीजींची रोटी परत केली.

१० जानेवारी
मास्टरजी अजून आले नाहीत.
बीजींना मंगळवारी निरोप आला होता म्हणे. काम लवकर उरकलं, म्हणून ते शेजारच्या गावी लेकीकडे गेले. कुठलं गाव, विचारलं. बीजींनी नाव सांगितलं.
पूर्वेचं—

सूदजींची यादी टेबलावर. तीन ठिपके. मीच भरायचे.

बीजी जिना चढताहेत. पेपर वाचून दाखव म्हणतील. मी त्यांना