हुणसूरची खुर्ची

८ सप्टेंबर, सोमवार
हे गेले तरी हात दोघांचीच कॉफी करतो. ह्यांचा पेलाही मीच प्यायले.

आनंदचा कलबुर्गीहून फोन. नव्या खात्यात महिनाअखेरीस कायम करतील. तोवर हुणसूरच्या तालुका ऑफिसातली जुनी जागा त्याचीच. ह्या हक्काला लियन म्हणतात. परत यायचं तर आत्ताच कळवायला हवं. "आई, हुणसूर म्हणजे रोज संध्याकाळी घरी. तू एकटी नको राहू."

रडले नाही. त्याची खोली झाडली.

१२, शुक्रवार
त्याला न सांगता बसने हुणसूरला. जागा बघून यावं, एवढंच. त्याच्या जुन्या सोबत्यांसाठी डबाभर चकल्या नेल्या.

त्याच्या टेबलाशी एक मुलगी. सविता. तात्पुरती घेतलेली. "आनंद सरांच्या अम्मा? बन्नी, कूतकोळ्ळी," म्हणत स्वतःची खुर्ची मला दिली. आपण उभी. हसून म्हणाली, "सर आले की उठायचंच आहे. आजपासून सवय करते."

तेवढ्यात एक बाई मल्लिगेची, मोगऱ्याची माळ घेऊन आली. शुक्रवार ना. तोडून तोडून सगळ्या बायकांना दिली. मला नाही. सवितालाही नाही. आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

स्टँडवर पोचवायला आली. लेक पहिलीत आहे म्हणाली. तिच्या नवऱ्याचं मी विचारलं नाही. ह्यांचं तिने नाही.

१४, रविवार
आनंदला विचारलं, तू आलास तर त्या मुलीचं काय?
"दुसरीकडे घेतील. नाही तर..." मग, "आई, हक्क माझा आहे."
खरंय. कुणाचं ओरबाडत नाही तो.
हे असते तर ह्यांना विचारलं असतं. हे असते तर विचारायची वेळच आली नसती.

२२, सोमवार
नवरात्र बसलं. घरोघर दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्यात. आमच्या ह्या वर्षी पेटीतच. शेजारीण बोलवायला आली, मग माझ्याकडे बघून दारातूनच गेली.

आनंदचा फोन. "उद्या कळवायचंय. येऊ ना?"
ये म्हणायला तोंड उघडलं. "जेवलास का," एवढंच निघालं.
"जेवलो. येऊ का ते सांग."

ओट्यावर चकल्यांचा डबा. रिकामा परत देऊ नये म्हणून सविताने आत मूठभर साखर घातली होती. अजून तशीच आहे. विसळायला हात धजत नाही.

"सकाळी सांगते," म्हटलं.