शेवंडींची जागा

काल्येता बेट, पनामा

प्राध्यापक ओकली यांस,

तुमचे विद्यार्थी समुद्र शिकायला आमच्या घरी राहिले. बादलीभर पाण्यात आंघोळ करून म्हणाले, "किती साधं जगणं!" अहो, आमच्या वाडीत नळच नाही!

शेवंडी, म्हणजे तुमचे लॉबस्टर, अंडी घालतात ती जागा बाबांनी माझ्या नवऱ्यालाही कधी दाखवली नव्हती. चर्चचं छप्पर वाकड्या माडाआड गेलं की वल्हं थांबवायचं, ही त्यांची खूण. तुमच्या पोरांना मात्र दाखवली. मी अडवलं, तर मलाच म्हणाले, "वेडी आहेस का, डेल्फिना? शिकायला आलीत लेकरं."

तुम्ही चक्क नकाशा छापलात! आता तिथे सहलीच्या बोटी नांगर टाकतात. प्रवाळाचा चुरा झाला, शेवंडी गेल्या.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं, तर तुम्ही माफी मागायला याल, आणि बाबा तुम्हाला दुसरी जागा दाखवतील.

तुमची कुणीही नसलेली,
डेल्फिना