मलकपेटच्या फोटोतला हात

लातूर

प्रिय मंजुश्री,

हॉस्टेल सुटल्यापासून तुला एवढं लांब पत्र लिहिलं नाही. फोनवर सांगितलं असतं, तर तू मधेच मला समजावायला लागली असतीस.

लग्नाच्या कपड्यांसाठी मागच्या आठवड्यात अम्मीबरोबर हैदराबादला गेले होते. दुपारी ती मावशीकडे जरा आडवी झाली आणि मी एकटीच रिक्षा करून मलकपेटच्या रेसकोर्सवर गेले. माझे दादा जिलानी, अब्बूंचे वडील, तिथे सईस होते, घोड्यांची खिदमत करायचे. आमच्या घरात हे कुणी उच्चारत नाही. ‘हैदराबादला सरकारी नोकरी’, एवढंच. माझ्या बायोडाटातही तेच छापलंय.

फाटकासमोरच्या टपरीवर मलप्पा भेटले. बीदरकडचे, ऐंशीच्या पुढचे, सारा जन्म तबेल्यात गेलेला. निजामाच्या काळात शर्यती आधी मौला अलीला व्हायच्या, मग इथे आल्या, असं सांगत होते. नवाबांची नावं त्यांना तोंडपाठ. मी दादांचं नाव घेतलं तसा त्यांनी कप खाली ठेवला. “जिलानीची नात व्हय तू?”

मग टपरीच्या भिंतीवरचा फोटो दाखवला. जिंकलेली घोडी, मालक, जॉकी, खाली तिघांची नावं. कडेला लगाम धरलेला नुसता एक हात, करंगळी नसलेला. मलप्पा म्हणाले, “फोटोवाला म्हनला, बाजूला हो. पर ह्यो सरकला की घोडी उभीच राहीना. मग हात तेवढा ठिवला.”

मंजू, करंगळी नोकरीआधी, गावी उदगीरला, डाळमिलच्या पट्ट्यात गेली, असं दादा आम्हाला सांगायचे. मलप्पांनी सांगितलं, ती एका बिथरलेल्या घोड्यानं तोडली होती. त्याच हातानं त्यांनी माझ्या वेण्या घातल्या, आणि मरेपर्यंत आमच्या इज्जतीसाठी खोटं बोलले. मी टपरीवाल्याकडून पेन घेतलं आणि चौकटीच्या पुठ्ठ्यावर चौथं नाव लिहिलं: सईस जिलानी, उदगीर.

परत आल्यावर शारिकला सगळं सांगितलं. तो वाईट नाही गं. म्हणाला, “आमच्या घरी तेवढं बोलू नकोस. आपला निकाह होऊ दे.” मी विचारलं, “नंतर बोलू?” त्यानं हॉलच्या बुकिंगचा विषय काढला.

तुझ्या सासरची आणि शारिकच्या घरच्यांची ओळख आहे, म्हणून आजच लिहितेय. दोन दिवसांत तू तिकडे अहमदपुरात ऐकशील की मुलाकडच्यांनी लग्न मोडलं, मुलीच्या खानदानात खोट निघाली. तसं नाही. मी मोडलंय. कुणी विचारलं तर हेच सांग, कारणासकट सांग. आणि माझं सांत्वन करायला येऊ नकोस. यायचंच तर जेवायला ये.

तुझीच,
उमैमा