पोचेपर्यंत फोन ठेवायचा नाही

सर,

काल मानपाड्याहून एका आजींना नेताना औषधाची ऑर्डर घ्यायला ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन लावला आणि सवयीनं म्हणाले, "सर, आजींना दम लागलाय." पलीकडून मॅडम म्हणाल्या, "सर नाहीत आता. बोल पुढे." ऑक्सिजन किती, औषध कुठलं, सगळं नीट सांगून त्यांनी फोन ठेवला. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मागे आजी आणि मी. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. म्हणून लिहितेय.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही पॅरामेडिकनी औषध द्यायचं नाही, हे खरंच. पण तुम्ही आधी पेशंटचं नाव विचारायचात आणि औषध सांगून झालं तरी लाईनवर राहायचात. हॉस्पिटलच्या दारात गाडी लागली की विचारायचात, "ठेवू का?" मी म्हणायचे, "ठेवा सर, पोचलो."

नौपाड्यातून तुमच्याच घरचा कॉल आला, त्या दिवशी तुमची सुट्टी होती. तुम्ही सोफ्यावर, घामानं भिजलेले. ईसीजीत अटॅक दिसला आणि ऑर्डरसाठी मी सवयीनं तुमचाच नंबर लावला. तो वाजला तुमच्या खिशात. काय हा वेंधळेपणा! आणि तुम्ही चक्क उचललात.

"नाव सांग पेशंटचं."

तुमचं नाव पहिल्यांदाच तोंडानं घेतलं, सर.

"बरा माणूस आहे गं. पण त्याचं औषध मी सांगून चालणार नाही. मॅडमना विचार."

ड्रायव्हरचा फोन घेऊन मॅडमना विचारलं आणि तुम्हाला गोळी चावायला दिली. आपला फोन चालूच. एकाच गाडीत, समोरासमोर, दोघांच्या कानाला फोन. तुमच्या शेजारी बसलेल्या काकू रडता रडता म्हणाल्या, "अहो, काय पोरखेळ लावलाय?"

कोपरीच्या पुलावर तुम्ही पुटपुटलात, "ठेवू का गं?"

"नाही सर. पोचलो नाही अजून."

ऐकलं नाहीत. फोन हातातून घसरला. मी छाती दाबत राहिले, थेट हॉस्पिटलच्या आतपर्यंत. नियम तुमचाच होता ना? मग तुम्हीच कसा मोडलात? मला अजून राग येतो.

काल आजींना उतरवून मी मॅडमना परत फोन केला. "मॅडम, यापुढे पोचेपर्यंत लाईनवर राहाल का?" त्या म्हणाल्या, "राहीन. पण मला सवय नाही. तू आठवण कर."

करेन, सर. दर वेळी करेन.

त्या दिवशी आपला फोन मी बंद केला नव्हता. माझ्याच्यानं झालं नाही. आज म्हणते.

ठेवा सर, पोचलो.

तुमच्या गाडीतली,
कल्पना